एकशे सहासष्ट

तिसऱ्या मजल्यावर त्यांना सगळे पाणीवाले काका म्हणत. नोकरीच्या कागदावर नुसतं ‘सहायक’ असं होतं, पण त्यावरून कुणाला काही बोध होत नसे. काका सकाळी आठला कुलूप काढत, खिडकीखालच्या लांब ओट्यावर काचेची भांडी मांडत आणि मजल्यावरच्या सगळ्या पेशींसाठी पाणी करत.

पेशी म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांचं आतलं अस्तर. काचेच्या चकत्यांवर एकमेकींना खेटून, फरशी बसवावी तशा वाढवलेल्या. त्यांना नळाचं पाणी चालत नाही. त्यात मीठ लागतं, थोडी साखर लागते, आणखी दोन-चार क्षार चिमटीनं लागतात, आणि सगळं मिळून ते रक्ताइतकंच खारट व्हावं लागतं. जरा हलकं झालं की पेशी फुगतात, जड झालं की आक्रसतात.

“घरी आमटी अळणी झाली तर गप्प जेवतात,” त्यांची बायको शेजारणीला सांगे, “आणि तिथं त्या पेशींचे काय लाड!”

सव्वीस वर्षं काकांनी हे लाड केले. ओट्यावर त्यांच्या बुटक्या बरण्या एका रांगेत असत. मोठ्या डब्यांतले क्षार ते या बरण्यांत काढून ठेवत आणि प्रत्येक बरणीला वेगळ्या रंगाचं झाकण लावत. निळं झाकण म्हणजे सोडियमचं मीठ, आपलं रोजचं. तांबडं म्हणजे पोटॅशियमचं. पिवळं म्हणजे मॅनिटॉल नावाची साखर. बरण्यांवर चिठ्ठ्याही होत्या, बारीक छापील अक्षरांच्या. नव्या मुलामुलींना काका सांगत, “आधी रंग पाठ करा, मग अक्षरं वाचा.” मुलं हसत आणि रंग पाठ करत. काकांचा हात न बघता योग्य बरणीवर पडतो, हे पाहुण्यांना दाखवण्याजोगं कौतुक होतं.

गेल्या दीड वर्षात त्या कौतुकाच्या आत काय होतं ते फक्त काकांना ठाऊक होतं. त्यांना अक्षरं दिसत नव्हती. दृष्टीच्या बरोबर मधोमध एक धुरकट ठिपका बसला होता. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं, आजूबाजूचं मात्र शाबूत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, चष्म्यानं जाणारं नाही, जपायचं. रंग दिसत, यंत्रावरचे मोठे उजळ आकडे मान जराशी तिरपी केली की दिसत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हे वर कळलं असतं तर त्यांना तळमजल्याच्या भांडारात धाडलं असतं, खोकी उतरवून घ्यायला. पाणीवाले काका खोकेवाले झाले असते. म्हणून ते गप्प राहिले. बायकोनं एकदा सुईत दोरा ओवायला दिला, तेव्हा दहा मिनिटं झटून म्हणाले, “तुझी सुईच भिकार आहे.” दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत तिचं शिवणकामाचं भिंग निघालं. काकांनी ते ओट्याच्या खणात, अगदी मागं सारून ठेवलं.

या मजल्यावर एक संशोधक मुलगी होती. काकांच्या लेकीपेक्षा लहान, पण काका तिला ताई म्हणत. प्रबंधाचं शेवटचं वर्ष, चालणं पळाल्यासारखं, पेशींशी बोलायची सवय. “काय गं बायांनो, झोपलात का?” असं ती सूक्ष्मदर्शकात डोकावून विचारायची. तिचा विषय काकांना तिनंच पहिल्या वर्षी समजावून सांगितला होता.

“हलक्या पाण्यात घातली की पेशी फुगते, हे सगळ्यांना माहीत आहे. गंमत पुढं आहे. ती फुटत नाही. पंधरा मिनिटांत आपली आपण पुन्हा पहिल्याएवढी होते.”

“म्हणजे आत शिरलेलं पाणी उपसते?”

“पाणी उपसायला तिच्याकडे बादलीच नाही, काका. ती दारं उघडते आणि आत साठवलेलं पोटॅशियम, क्लोराइड बाहेर टाकते. पाणी त्याच्या मागोमाग जातं.”

“घरात पाणी शिरलं म्हणून सामान रस्त्यावर फेकायचं? अन् पाणी सामानामागं जाणार?”

“अगदी तसंच.”

“वेड्यांचं घर आहे म्हणायचं,” काका म्हणाले होते, आणि ताई इतकी हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

ताईच्या संगणकावर पेशींच्या आकाराची एक रेघ उमटे. हलकं पाणी सोडलं की रेघ वर चढे आणि मग हळूहळू उतरे. ताई त्याला डोंगर म्हणे. “आज चार डोंगर झाले, काका,” असं ती जाताजाता सांगे, आणि काकांना उगाच वाटे की त्यातला थोडा चढ आपलाही आहे.

ते सगळं ज्या सोमवारी बिघडलं, त्याच्या आदल्या शनिवारी काकांनी झाकणं धुतली होती. महिन्यातून एकदा ते सगळी झाकणं साबणाच्या पाण्यात बुडवत, फडक्यावर वाळवत आणि परत लावत. लावताना बरणीवरची चिठ्ठी वाचायची असते. काकांनी रांगेतल्या जागेवरून ओळखून लावली.

सोमवारी ताईसाठी दोन लिटर हलकं पाणी करायचं होतं, आठवडाभर पुरेल असं. रक्ताइतकं खारट असं नेहमीचं पाणी मागच्या आठवड्याचं शिल्लक होतं. काकांनी निळं झाकण उघडलं, मीठ तोललं, बाकीचे क्षार घातले, ढवळलं आणि एक थेंब यंत्राला दिला. हे यंत्र तो थेंब गोठवून बघतं आणि त्यात किती कण विरघळलेत ते आकड्यात सांगतं. आकडा यायला हवा होता दोनशे. आला एकशे सहासष्ट.

काकांनी दुसरा थेंब दिला. एकशे सहासष्ट.

नियम साधा होता आणि तो काकांनीच कित्येक पोरांना दटावून शिकवला होता. पाच-सातची तूट असेल तर चिमूटभर साखरेनं भरून काढा. त्याहून जास्त असेल तर कुठंतरी चुकलंय. ओता मोरीत, भांडं धुवा, पहिल्यापासून करा. चौतीसची तूट म्हणजे मोरीच.

दारात ताई उभी होती. “काका, झालं का? बायका वाट बघतायत.”

पहिल्यापासून करायचं म्हणजे प्रत्येक चिठ्ठी वाचून करायचं, आणि ताई तिथंच उभी राहून बघणार.

“झालंच,” काका म्हणाले.

त्यांनी पिवळं झाकण उघडलं. एक चमचा. एकशे अठ्ठ्याहत्तर. आणखी एक, आणखी थोडं. एकशे ब्याण्णव. दोनशे. नोंदवहीत त्यांनी तारीख घातली, दोनशे लिहिलं आणि सही केली. एकशे सहासष्ट कुठंच लिहिलं नाही. यंत्राला फक्त किती विरघळलंय ते कळतं. काय विरघळलंय, ते त्याला विचारून उपयोग नसतो.

त्या दिवशी ताईची रेघ वर चढली आणि वरच राहिली.

मंगळवारीही तसंच, बुधवारीही तसंच. पेशी फुगत आणि फुगलेल्याच राहत, जणू दारं कुठं आहेत तेच विसरल्या होत्या. ताईनं सूक्ष्मदर्शक बदलला, चकत्या बदलल्या, खोलीचं तापमान तपासलं. गुरुवारी ती ओट्यापाशी आली. बराच वेळ बरण्यांशी चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, “काका, रागावू नका. पाण्यात काही… म्हणजे एखाद्या वेळी…”

काकांनी नोंदवही तिच्यापुढं सरकवली. “दोनशे. बघा. सही आहे.”

“नाही, ते दिसतंय, पण—”

“सव्वीस वर्षं झाली, ताई. तुम्ही शाळेत पाटी पुसत होता तेव्हापासून मी हे पाणी करतोय.”

ताईचा चेहरा उतरला. “चुकलं माझं. मला विचारायलाच नको होतं. माफ करा, काका.”

ती माफी काकांनी घेतली. मान हलवून घेतली, मोठ्या मनानं घेतल्यासारखी. तेव्हा त्यांना आपली नेमकी चूक माहीत नव्हती, हे खरं. पण एकशे सहासष्ट माहीत होतं. संध्याकाळी घरी चहाचा कप हातात घेऊन ते बसले आणि कप तसाच गार झाला.

“बरं नाही का?” बायकोनं विचारलं.

“एका पोरीनं माझी माफी मागितली.”

“मग चांगलंच की.”

“हो,” काका म्हणाले.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या. त्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी सगळ्या रेघा पाहिल्या आणि म्हणाल्या, “पेशी म्हाताऱ्या झाल्यात. तीन वर्षं तीच पिढी पुढं चालवतेस. टाकून दे. खाली नायट्रोजनच्या टाकीत जुनी एक कुपी गोठवलेली असेल, ती काढ आणि नव्यानं वाढव.”

ताईनं सगळ्या चकत्या मोरीपाशी आणल्या आणि एकेकीवर जंतुनाशक ओतलं. चकत्यांवरचं गुलाबी पोषकपाणी पिवळं होत होतं. ती काही बोलत नव्हती, पेशींशीसुद्धा. रिकाम्या चकत्या काकांनी हातात घेतल्या आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. तेही त्यांचंच काम होतं.

पुढच्या सोमवारी नेहमीचं पाणी संपलं. काकांनी निळं झाकण उघडून ते करायला घेतलं. आकडा यायला हवा होता दोनशे नव्वद, आला दोनशे बत्तीस. या वेळी दारात कुणी नव्हतं. काकांनी खणातून बायकोचं भिंग काढलं, निळ्या झाकणाची बरणी खिडकीपाशी नेली, मान तिरपी केली, आणि धुरकट ठिपक्याच्या कडेकडेनं एकेक अक्षर गोळा केलं. पो. टॅ. पुढचं वाचायची गरज नव्हती. शनिवारी ओटा पुसताना रांगेतल्या दोन बरण्यांची जागा बदलली असणार.

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. सव्वीस वर्षं या पेशींच्या शेजारी काढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पेशीला पोटॅशियम बाहेर टाकता येतं ते बाहेर ते फारसं नसतं म्हणून. बाहेरच ते गच्च भरून ठेवलं तर आतलं जाणार कुठं? दारं सताड उघडी असली तरी आतलं आतच राहतं. पेशी म्हाताऱ्या झालेल्या नव्हत्या. त्या धडधाकट होत्या, आणि काकांनी स्वतःच्या हातानं त्या पिशवीत टाकल्या होत्या.

मग काकांनी जे केलं ते त्यांना स्वतःलाही पुढं कधी नीट सांगता आलं नाही. त्यांनी झाकणांची अदलाबदल केली. ताईच्या बाटलीत उरलेलं हलकं पाणी मोरीत ओतलं, बाटली तीनदा खळबळून धुतली आणि दोन्ही पाणी नव्यानं, बिनचूक केली. दोनशे नव्वद. दोनशे. सही.

सगळं परत ठीक झालं. खोटं फक्त एकाच ओळीत उरलं होतं, आणि ती ओळ कुणी उघडून बघणार नव्हतं.

टाकीतली कुपी वाढायला दहा दिवस लागले. अकराव्या दिवशी ताई बोळातून पळत आली. “डोंगर! काका, डोंगर आला! तीन चकत्यांत तीन डोंगर!”

“वा,” काका म्हणाले.

“आणि गंमत ऐका. मोठ्या बाई म्हणतायत, हाच शोध आहे. जवान पेशी परत येतात, म्हाताऱ्या येत नाहीत. वय झालं की पेशीला सावरता येत नाही! मी तो आठवडा रडत घालवला आणि तोच आता प्रबंधाचं शेवटचं प्रकरण होणार आहे.” तिनं काकांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली, जणू हात रिकामे असल्याशिवाय ही बातमी नीट ऐकता येणार नव्हती. “आभाराच्या पानावर पहिलं नाव तुमचं. आईवडील दुसरे. आईला सांगितलंय मी, ती रुसलीय.”

काका हसले. हसताना आपला चेहरा कसा दिसतोय याची त्यांना इतकी लाज वाटली की ते भांडी धुवायला वळले. त्यांना वाटलं होतं, गप्प राहिलं की गोष्ट जिथल्या तिथं निवेल. ती तर वाढत होती. तिला आता प्रकरण झालं होतं, रेघा होत्या, आभाराचं पान होतं.

बुधवारी रंगीत तालीम होती. सोमवारी बाहेरचे परीक्षक यायचे होते, त्याआधी ताईनं घरच्याच माणसांपुढं बोलून बघायचं. लहान खोली, आठ-दहा खुर्च्या. पडदे ओढायला आणि दिवे मालवायला काका मागं उभे. भिंतीवर दोन रेघा शेजारीशेजारी उमटल्या. एक वर जाऊन तिथंच थांबलेली, दुसरी डोंगरासारखी. काकांना ठिपक्याच्या कडेनं दोन्ही दिसत होत्या.

शेजारच्या विभागातल्या एका गृहस्थांनी हात वर केला. “परीक्षक विचारतील म्हणून विचारतो. दोन्ही वेळचं पाणी एकच होतं कशावरून?”

ताई हसली. “पाणी आमच्या काकांचं आहे.”

सगळी खोली हसली आणि सगळ्या माना मागं वळल्या. “मग प्रश्नच मिटला!” गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी काकांना हात जोडले, थट्टेत, पण मनापासून. काकांचा हात दिव्याच्या बटणावर होता. बोलायला तोंड उघडलं असतं तर तेव्हाच उघडायला हवं होतं. त्यांनी बटण दाबलं. उजेड झाला आणि लोक चहाला उठले.

घरी ते जेवले नाहीत. बायको शिवणयंत्रावर कुणाचीतरी बाही उसवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “भिंग कामाला आलं का?”

“आलं.”

“मग आता त्या लोकांना सांगून टाका.”

“डोळ्यांचं?”

“मला डोळ्यांचंच माहीत आहे,” बायको म्हणाली. “आणखी काही असलं तर तेही.”

गुरुवारी सकाळी आठला काका कुलूप काढायला गेले तेव्हा ताई आधीच येऊन पायरीवर बसली होती, मांडीवर कागद. काकांनी दार उघडलं, पण आत गेले नाहीत.

“ताई, ते शेवटचं प्रकरण खोटं आहे.”

ताई हसतच वर बघू लागली, मग थांबली.

काकांनी सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, दाराच्या कडीकडे बघत. झाकणं, चौतीसची तूट, साखर, वही, मोरी. सांगताना मधेच त्यांनी “माझ्या हातून झालं” असं म्हटलं, आणि मग स्वतःच दुरुस्त केलं, “मी केलं.”

ताईनं विचारलं, “कधी कळलं तुम्हाला?”

“त्या पुढच्या सोमवारी.”

“आज सतरा दिवस झाले.”

“हो.”

“काका, मी तुमची माफी मागितली होती.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. “घरी जाऊन आईला सांगितलं, मी आज एका म्हाताऱ्या माणसाचा अपमान केला म्हणून.”

ताई उठली, आत गेली, ओट्यावरची एक बरणी उचलून तिनं त्यांच्या समोर धरली. “वाचा.”

“निळं झाकण. सोडियम.”

तिनं झाकण काढून खिशात घातलं. “आता वाचा.”

काकांनी मान तिरपी केली. उजेडाकडे वळले. पुन्हा वळले. त्या दोन मिनिटांइतका वेळ त्यांना आयुष्यात कुठंच मोठा वाटला नव्हता. शेवटी ताईनंच बरणी खाली ठेवली.

“किती दिवस?”

“दीड वर्ष.”

तिनं नोंदवही काढली, ते पान शोधलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. “मी लिहिणार नाही. तुम्ही लिहा.” कुठं लिहायचं ते तिनं बोट ठेवून दाखवलं. काकांनी दोनशेवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, एकशे सहासष्ट. खाली लिहिलं, सोडियमऐवजी पोटॅशियम. अक्षर वाकडं आलं, ओळ सोडून खाली घसरलं. सही मात्र सरळ आली, ती न बघताही येते.

त्या दिवशी ताईनं स्वतः ते चुकीचं पाणी मुद्दाम करून नव्या, जवान पेशींवर सोडलं. रेघ वर गेली आणि वरच राहिली. मग तिनं ते काढून योग्य पाणी सोडलं, आणि पेशी उतरू लागल्या. मोठ्या बाईंनी दोन्ही पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “हे तर पाठ्यपुस्तकात आहे. नवीन काहीच नाही.” सोमवारची भेट रद्द झाली. प्रबंध सहा महिने पुढं गेला. काकांच्या चुकीतून कुणाचं काही भलं झालं असं नाही.

काका तळमजल्याच्या भांडारात गेले. शिक्षा अशी कुणी केली नाही, मोठ्या बाई तर “डोळ्यांना आराम पडेल” असं म्हणाल्या. खोकी येत, काका ती उतरवून घेत. ताई कधी जिन्यात दिसे. “बरंय ना, काका?” असं विचारी आणि थांबत नसे. पूर्वीही ती थांबत नसे, पण तेव्हा ते पळणं होतं.

चार महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावर एक खोकं पोचवायचं होतं. दुसरं कुणी नव्हतं म्हणून काका गेले. दुपार होती, सगळे जेवायला गेले होते. काका दाराशी थांबले. ओट्यावरच्या रंगीत झाकणांच्या जागी आता एकजात पांढरी झाकणं होती. आणि प्रत्येक बरणीच्या पोटावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जाड काळ्या शाईनं, ताईच्या हातचं एकेक नाव होतं. बोटभर उंचीची अक्षरं, लहान मुलाच्या पाटीवर गिरवायला देतात तशी. ओट्याखाली डब्यांवर. यंत्राशेजारच्या तक्त्यावर. नोंदवहीच्या रकान्यांवर सुद्धा.

काकांनी दारातूनच वाचायला सुरुवात केली. सोडियम. पोटॅशियम. मॅनिटॉल. ठिपका अक्षराच्या मधे येई, पण अक्षर ठिपक्यापेक्षा मोठं होतं. एकही अडलं नाही. मान तिरपी करावी लागली नाही.

नव्या सहायकाची नजर चांगली असणार, त्याला इतक्या मोठ्या अक्षरांची गरज नव्हती. मग ही कुणासाठी, हा प्रश्न काकांनी मनात पुरा होऊ दिला नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की हे एका दुपारचं काम होतं. एक जाड पेन, आणि “ताई, मला दिसत नाही हो” एवढं एक वाक्य. दीड वर्षात कुठल्याही दिवशी मागितलं असतं तर मिळालं असतं.

जिन्यावर पावलं वाजली, पळाल्यासारखी. काकांनी खोकं दाराशी ठेवलं आणि दुसऱ्या बाजूच्या जिन्यानं खाली उतरले.